पिवळ्यावर लाल

आरटीओच्या समोर, झेरॉक्सच्या टपरीला पाठ लावून
माझं दुकान. नाव नाही त्याला.
लोक सांगतात, त्या रेडियमवाल्या बाईकडं जा.
कटर, पट्टी, रिबेट मारायची पिस्तूल
आणि पत्र्यांची थप्पी,
लातूरच्या उन्हात हात लावू देत नाही अशी.

नवी गाडी पक्क्या नंबराआधी माझ्याकडं येते.
पिवळी पाटी, लाल अक्षरं.
पुढं टी, मग महिना, साल, मग एमएच, मग आकडे.
लोकांना भलतंच हवं असतं.
खाली बारीक 'मामाची कृपा' बसंल का?
आठाचा काही 'दादा' हुतो का, बघा की.
मी म्हणते, कृपा काचेवर लावा.
ही जागा सरकारची आहे,
आणि तीही थोड्या दिवसांची.

कागदावर लिहून चिकटवू नये
हे मला नियमाच्या पुस्तकानं नाही,
केरबा सुडेनं शिकवलं.

केरबा सांगाडे चालवायचा.
म्हणजे ट्रकच, पण अजून ट्रक न झालेला.
दोन लांब लोखंडं, इंजिन, सहा चाकं.
कॅबिन नाही, काच नाही, दार नाही.
बसायला खोका, त्यावर पोत्याची घडी,
तोंडाला उपरणं, डोळ्यांना वेल्डिंगवाल्याचा चष्मा.
शोरूममधून काढायचा, कोल्हापूरला न्यायचा,
बॉडी बांधणाऱ्याच्या दारात उभा करायचा
आणि एसटीनं परत.
चोवीस वर्षं.
"काळ्या अक्षराची गाडी म्या चालवलीच न्हाई," म्हणायचा.
"पक्का नंबर लागला की गाडी दुसऱ्याची."

त्या दिवशी लाइट नव्हती. कटर मुका.
त्याला घाई. "ताई, कागदावर द्या काढून,
तेवढ्यानं काय हुतंय."
मी लाल स्केचपेननं लिहिलं.
आकडे फार सुंदर आले होते,
ते अजून आठवतं, आणि त्याचीच लाज वाटते.
चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली.

औशापर्यंत टिकली.
तुळजापूरच्या अलीकडं वारं सुटलं.

तीन वाजता फोन.
"सत्यशीलाताई, पाटी उडाली बगा.
गाडी हाय, म्या हाय, कागदं खिशात हायत,
पर सायेब म्हन्तो,
ही गाडी कुनाची हे मला कसं कळावं?"

लाइट आलेली नव्हती.
पत्रा घेतला, पिवळा मारलेलाच होता,
ब्रशनं लाल आकडे ओढले, श्वास धरून.
भाच्याच्या मोटरसायकलवर मागं बसले,
पाटी मांडीवर आडवी, ओला रंग आभाळाकडं.
सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर
मी एका हातानं भाच्याला धरलं होतं
आणि दुसऱ्या हातानं एका ट्रकचं नाव.

केरबा सांगाड्याखाली बसला होता.
सांगाड्याची सावली ती केवढी,
दोन पट्टे. एका पट्ट्यात डोकं, एकात पाय.
मला बघून उठला, चष्मा वर केला,
डोळ्यांभोवतीच तेवढा माणसाचा रंग उरला होता.
साहेबानं आकड्यावरून बोट फिरवलं.
बोट लाल.
"ओली हाय की ही," म्हणाला,
पुसायला जागा शोधली, मिळाली नाही,
मग पावती पुस्तकाच्या पाठीलाच पुसलं.
दंड मात्र फाडला.
तो मी द्यायला निघाले, केरबानं देऊ दिला नाही.
त्यावरून आम्ही दोघं रस्त्यात भांडलो
आणि साहेबच म्हणाला, निघा आता.

पुढं त्या ट्रकला काळी अक्षरं आली.
जुनी पाटी तिथल्या पोरानं भंगारात टाकली होती,
केरबानं ती उचलून एसटीत सीटखाली घालून आणली.

आता चालवत नाही तो. गुडघे गेले.
मागच्या पंचमीला औशाला गेले होते, तेव्हा पाहिली.
खुराड्याचं दार केलंय तिचं.
माझ्या हाताचे आकडे,
रंगात अडकलेली त्या दिवशीची धूळ तशीच.
मुदत कधीच सरलीय.
कोंबड्या आत जातात, बाहेर येतात,
एक तांबडी तर आकड्यांवर चोच घासून गेली.
"पुसंना झालंय बगा," केरबा म्हणाला,
आणि चहा सांगायला आत गेला.